खड्ड्यात पाणी साचलंय, रोपं मेली का?

प्रश्न बालेवाडीच्या एका सोसायटीतून आला आहे. मुळा नदीकडच्या कुंपणालगत त्यांची लांबलचक मोकळी पट्टी आहे. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर तिथे 60 रोपं लावली: 15 अर्जुन, 12 करंज, 10 जांभूळ, 12 कडुनिंब, 6 बहावा, 5 शेवगा. खड्डे मशिनने मारले, तीन फूट खोल. जुलैच्या शेवटी म्हातारा पाऊस, म्हणजे पुष्य नक्षत्राचा, लागला, आठ दिवस झड उघडली नाही आणि खड्डे हौदासारखे भरून राहिले. आता कडुनिंबाची पानं पिवळी पडून गळताहेत, बहावा माना टाकून उभा आहे, अर्जुनाच्या बुंध्यावर पांढरे फोड आलेत. एक सभासद म्हणतात, बुरशी आहे, सगळी उपटा. दुसरे म्हणतात, युरिया टाका. तिसऱ्यांनी तर वॉचमनला सांगून माना टाकलेल्या रोपांना आणखी पाणी घालायला लावलं. यातलं कुणाचं ऐकायचं?

कुणाचंच नाही. उपटू नका, खत घालू नका, पाणी तर मुळीच नको. अर्जुन, करंज आणि जांभूळ बहुतेक सगळे तरतील. कडुनिंबातले निम्मे गेले असं धरून चाला. शेवगा गेला, त्याच्यावर वेळ घालवू नका. बहाव्याचं मुळी बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि ते पांढरे फोड बुरशीचे नाहीत. रोपानं नाक पाण्यावर काढलंय, ते खरवडू नका.

सोलापूर रस्त्याला माझी रोपवाटिका आहे, सत्तावीस वर्षं याच धंद्यात आहे. तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त रोपं मी स्वतः बुडवून मारली आहेत, त्यामुळे पुढचं जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या शेतकऱ्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वाफसा. जमिनीत ओल आहे आणि हवाही खेळतेय, अशी अवस्था. मातीची मूठ दाबली तर गोळा होतो, पण बोटानं टिचकी मारली की फुटतो. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा असते. झड लागली की पाणी त्या सगळ्या पोकळ्या भरून टाकतं. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे वरून हवेचा पुरवठा जवळजवळ बंद, आणि खाली मुळं, जिवाणू, गांडुळं सगळी श्वास घेतच असतात. मातीतला उरलासुरला ऑक्सिजन काही तासांत, फार तर दोनेक दिवसांत संपतो. थंड देशात हिवाळ्यात झाड झोपेत असताना जमीन पाण्याखाली गेली तर ते महिनाभरसुद्धा काढतं. आपल्याकडे मात्र पाऊस पडतो तोच मुळी कोमट मातीत, वाढीच्या ऐन दिवसांत. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून युरोपातल्या पुस्तकात लिहिलेले दिवस पुण्याच्या जुलैला लावू नयेत.

हवा तुटल्यावर मुळाच्या पेशी साखर पूर्ण जाळू शकत नाहीत, ती आंबवतात. हवेत साखरेच्या एका रेणूतून ऊर्जेची तीसेक नाणी मिळतात, आंबवून मिळतात दोन. म्हणजे पगार तिसावरून दोनावर आला आणि घरखर्च तेवढाच. मग रोप साठवलेली साखर भराभर उडवतं, शिवाय पेशीत अल्कोहोल आणि आम्ल साचतं. तुमच्या बहाव्याच्या खड्ड्यातल्या चिखलाचा वास घेऊन बघा, आंबूस येत असेल.

आता ते माना टाकण्याचं कोडं. गुडघाभर पाण्यात उभं असलेलं रोप तहानलेल्यासारखं का दिसतं? मुळांच्या पेशींच्या पडद्यात पाणी आत घ्यायची दारं असतात. पेशीतला आंबटपणा वाढला की ती मिटतात. वर पानांतून पाणी उडतंय, खालून मूळ ते ओढू शकत नाही. रोप मग पर्णरंध्रं बंद करून घेतं, तेव्हा अन्न तयार होणंही थांबतं. वॉचमननं पाणी घातलं यात त्याची चूक नाही. दिसायला ती तहानच असते आणि पाहणारा प्रत्येक जण तेच करतो. ओळखायची खूण अशी: खऱ्या तहानेनं सुकलेलं पान संध्याकाळी किंवा पाणी दिल्यावर सावरतं. पाण्यानं कोंडलेल्या रोपाचं पान पहाटेसुद्धा तसंच लोंबलेलं असतं, आणि बऱ्याचदा देठापासून खाली वाकलेलं पण पातं मात्र ताठ असं दिसतं. ते वाकणं एथिलीनमुळे होतं. कोंडलेली मुळं त्याचा कच्चा माल वर पाठवतात आणि पानात, जिथे हवा आहे तिथे, त्याचं एथिलीन तयार होतं. ज्या वायूनं आढीतला आंबा पिकतो तोच हा.

खाली मातीतही उलथापालथ चाललेली असते. ऑक्सिजन संपला की जिवाणू त्याच्या जागी दुसरं काहीतरी वापरायला लागतात, आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी नायट्रेट, त्याचा नत्रवायू होऊन उडून जातो. मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. लोहाची पाळी आली की माती निळसर करडी पडते. सल्फेटची आली की सडक्या अंड्याचा वास सुटतो. तुमच्या कडुनिंबाचा पिवळेपणा पहिल्या पायरीचा आहे: नत्र उडून गेलंय, आणि जे आहे ते घ्यायला मुळांत ताकद नाही. हे ऐकून माणसाचा हात युरियाच्या पोत्याकडे जातो. माझाही गेला होता.

ती गोष्ट सांगतोच. धंद्याच्या सुरुवातीला मी कडुनिंबाच्या चारशे पिशव्या एका काळ्या प्लास्टिक कागदावर मांडल्या होत्या. पिशवीतून मुळं जमिनीत जाऊ नयेत, तण येऊ नये, एवढाच हेतू. खालची जमीन मधोमध थोडी बसली, ते काही माझ्या लक्षात आलं नाही. आर्द्रा बरसल्या आणि मध्ये चार बोटं पाणी साठलं. वरून पाहिलं तर पिशव्यांची माती नेहमीसारखी ओली, बाकी सगळं ठीक. आठवड्यानं मधली रोपं पिवळी पडली. मी म्हटलं, नत्र कमी पडतंय, आणि चिमूट चिमूट युरिया घातला. पुढच्या चार दिवसांत पिवळी होती ती काळी पडली. मेलेल्या पिशव्या उचलून बाजूला केल्या तेव्हा कागदावर जो आकार उरला तो हुबेहूब डबक्याचा होता. काठावरचं एकही रोप गेलं नव्हतं. मुळं खत उचलत नसताना घातलेलं खत त्यांच्याभोवती क्षार होऊन बसतं, आधीच अर्धमेल्या मुळीला तो शेवटचा धक्का असतो. तेव्हापासून माझ्याकडे पिशव्या खडीवर किंवा फळ्यांवर असतात, प्लास्टिकवर नाहीत.

आता पांढऱ्या फोडांकडे येऊ, कारण तुमच्या पट्टीत सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच आहे. खोडाच्या सालीवर बारीक ठिपके असतात, ती खोडाची श्वासाची छिद्रं. मुळाला हवा मिळेना की पाण्याच्या पातळीच्या लगत, बहुधा जरा वर, ही छिद्रं फुगतात, साल तडकते आणि आतून मऊ, पांढरा, भुसभुशीत पुंजका बाहेर येतो. भिंगातून पाहिलं तर लाह्या फुटल्यासारखं दिसतं. पेशी सैल आणि त्यांच्यामध्ये भरपूर पोकळी. तिथून हवा आत जाते आणि सालीच्या आतल्या पोकळ वाटांनी खाली मुळापर्यंत पोचते. मुळात साठलेला नको असलेला अल्कोहोल, एथिलीन वगैरे बाहेर पडायलाही याच वाटा उपयोगी पडतात. आंब्याच्या रोपांवर परदेशात प्रयोग झाले आहेत. खोडावरची ही फुगलेली छिद्रं पेट्रोलियम जेली लावून बुजवली, तर पाण्यात तग धरू शकणारी रोपंही मेली. तेव्हा सभासदांना सांगा की फोडांवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, चोपडायचं नाही आणि चुन्याचा पट्टाही ओढायचा नाही.

अर्जुनाचं एखादं रोप निवडा आणि बुंध्याजवळची वरची दोन बोटं माती हातानं हळूच बाजूला करा. जमिनीच्या अगदी पृष्ठभागाशी, कधीकधी पाण्यातच तरंगणारी, नवी पांढरी जाडसर मुळं दिसतील. खोल गेलेली जुनी मुळं रोपानं सोडून दिली आणि जिथे हवा आहे तिथे नवीन टाकली. असं एखादं मूळ ब्लेडनं आडवं कापलं की आत कमळकाकडीसारखी भोकं दिसतात, फक्त खूप बारीक. तीही एथिलीनची करामत. पाण्यात कोंडलेलं एथिलीन मुळाच्या मधल्या थरातल्या काही पेशींना मरायला सांगतं, आणि त्या मेलेल्या पेशींच्या जागी हवेचे बोगदे तयार होतात. मावळातला आंबेमोहोर चिखलात उभा राहून पिकतो तो याच बोगद्यांवर. फरक इतकाच की भाताला हे सवयीनं असतं आणि झाडाच्या रोपाला गरज पडल्यावर करावं लागतं. त्याला आठवडा-दहा दिवस लागतात. त्या आठवड्यात जे तग धरतं ते पुढे महिनाभर काढू शकतं.

मुळाभोवतीच्या करड्या मातीत गंजासारखी तांबूस रेघ दिसली तर आनंद माना. मुळातून थोडा ऑक्सिजन बाहेर झिरपला आणि भोवतीच्या विरघळलेल्या लोहाला त्यानं पुन्हा गंज चढवला, असा त्याचा अर्थ. म्हणजे आत हवा पोचते आहे. विरघळलेलं लोह जास्त झालं तर मुळाला विषच असतं, त्यामुळे ही तांबूस पुटं रोपाची ढालही असते.

हे सगळ्या झाडांना का जमत नाही? ज्या जातीच्या पूर्वजांनी जे भोगलं तेच तिला येतं. अर्जुन ओढ्याकाठचा. करंज, उंबर, जांभूळ नदीकाठी पिढ्यानपिढ्या वाढलेले. आपल्याच मुळा-मुठेच्या पात्रातली मूळची मंडळी बघा: वाळुंज आणि शेरणी. शेरणीचं झुडूप तर पुराच्या धारेत आडवं होतं आणि पाणी ओसरलं की उठून उभं राहतं. कळंब काळ्या मातीच्या पाणी धरणाऱ्या खोलगट जागांत आपणहून येतो. ताम्हण ओलीचा. पळस आणि बाभूळ निचरा नसलेल्या काळ्या मातीतही दिवस काढतात. उलट कडुनिंब, चंदन, साग, शेवगा हे कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीचे. पुरंदरच्या मुरमाड माळावर सोन्यासारखं पिकणारं सीताफळ खालच्या चिबड, म्हणजे पाणी धरून बसणाऱ्या रानात लावलं की सडतं. पपईबद्दल तर कुठल्याही बागायतदाराला विचारा, दोन दिवस पाणी उभं राहिलं की बाग गेली. आंबा मधला आहे. काही रोपं फोड आणतात आणि जगतात, काही आणतच नाहीत आणि मरतात, आणि ती एकाच ओळीतली असतात.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. जास्त पाऊस म्हणजे जास्त धोका असं नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पुणे शहरात साधारण सातशे-साडेसातशे. तरी लोणावळ्याच्या उतारावरची रोपं कोंडून मरत नाहीत आणि बालेवाडीतली मरतात. वाहतं पाणी स्वतःबरोबर हवा घेऊन येतं, साचलेलं पाणी असलेली संपवतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरी भागात मुठेचं पाणी शिरलं, त्यानंतर मी त्या पट्ट्यातली काही लावलेली झाडं पाहिली. पाणी आलं आणि गेलं, त्यानं फारसं काही केलं नव्हतं. मागे राहिलेल्या गाळानं केलं. बुंध्याभोवती वीतभर चिकण गाळ बसून सालीला आणि वरच्या मुळांना लिंपून टाकलं होतं. ज्यांच्या बुंध्याचा गाळ लोकांनी लगेच ओढून काढला ती झाडं पुढे पालवली.

म्हणजे दोष पावसाचा नाही, तुमच्या खड्ड्याचा आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खड्ड्याच्या भिंतीत विटांचे तुकडे, टाइल, सिमेंटचे गठ्ठे दिसताहेत. ती पट्टी बांधकामाच्या राडारोड्यानं भरून वर रोलर फिरवलेला आहे, त्यावर फूटभर काळी माती पसरली आहे. त्यात मशिननं खड्डा मारला. ओल्या चिकण मातीत फिरणारं पातं भिंत घासून गुळगुळीत करतं, कुंभारानं मडकं घोटावं तशी. मग त्यात तुम्ही शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती भरलीत. पावसाचं पाणी कठीण जागेवरून घसरून त्या भुसभुशीत जागेत उतरलं आणि मडक्यात अडकलं. शेणखत जितकं जास्त आणि जितकं खोल, तितके जिवाणू जास्त, तितका ऑक्सिजन लवकर संपतो. तीन फूट खोल खड्डा आणि तळाला दोन घमेली कच्चं शेणखत, हे आपल्याकडे पुण्यकर्मासारखं करतात. पाणी धरणाऱ्या जागेत मी याच्या अगदी विरुद्ध करतो.

तळाला विटांचे तुकडे किंवा खडी टाकली की निचरा होतो, हाही एक पक्का समज आहे. घरी एक करून बघा. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि आडवा हातावर धरा. थेंब पडायचे थांबले की तो उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. बारीक पोकळ्यांच्या तळाशी एका ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडकूनच राहतं, आणि खाली खडी असली तर ते तिथे उतरायच्या आधी वरच्या मातीच्या तळाशी थांबतं. म्हणजे खडी टाकून तुम्ही ओला थर मुळांच्या आणखी जवळ आणता. म्हणूनच रोपवाटिकेतून घेताना बुटक्या रुंद पिशवीपेक्षा उंच अरुंद पिशवीतलं रोप घ्यावं. दोन्हींत तळाचा ओला थर तेवढाच, पण उंच पिशवीत त्याच्यावर हवेशीर माती जास्त.

आता हातात काय आहे ते बघू. आधी पाणी काढा, पण बादलीनं नाही. बादलीनं काढलेलं पाणी रात्रीत पुन्हा भरतं. प्रत्येक खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूनं टिकाव-फावड्यानं अरुंद चर काढा, खड्ड्याच्या तळाइतका खोल जमला तर उत्तम, नाहीतर निदान दीड फूट, आणि ते सगळे चर एका मोठ्या चराला जोडून कुंपणाबाहेर पावसाळी गटाराकडे वाट करून द्या. जून महिन्यात बुंध्याभोवती पाणी धरायला मातीची गोल आळी केली असतील तर ती फोडा. आळं उन्हाळ्याचं काम. पावसाळ्यात माती बुंध्याकडे थोडी उंच हवी, म्हणजे पाणी बाहेर पळतं. पण खोडावर चढेल इतकी भर घालू नका, फोड झाकले जातील. पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं असेल तर ते आता काढून बाजूला ठेवा, नोव्हेंबरात परत लागेल.

मग दोन तपासण्या. नखानं खोडाची साल जरा खरवडा, बुंध्यापासून वर वर. आत हिरवट ओलं असेल तर तो भाग जिवंत. बुंध्याशी तपकिरी आणि वर हिरवं असेल तर मात्र ते रोप वरच्या शिदोरीवर जगतंय, त्याची आशा धरू नका. दुसरी तपासणी मुळीची. कडेची एक बारीक मुळी बोटाच्या चिमटीत धरून ओढा. जिवंत मुळी चिवट, पांढरी किंवा फिकट असते. मेलेलीची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत राहतो नुसता दोरा. प्रत्येक रोपाच्या दोन-तीन मुळ्या बघा. अर्ध्याहून जास्त पांढऱ्या असल्या तर त्या रोपाला हात लावू नका. बहुतेक सगळ्यांचे दोरे निघाले तर ते काढून टाका, आणि त्या खड्ड्यातली माती दुसऱ्या खड्ड्यात घालू नका. साचलेल्या पाण्यात फायटोप्थोरासारख्या मूळकुजीच्या रोगाचे बीजाणू अक्षरशः पोहत एका मुळाकडून दुसऱ्याकडे जातात.

पाणी ओसरल्यावरचे पंधरा दिवस पाण्यातल्या दिवसांपेक्षा अवघड असतात, हे सोसायटीत आधीच सांगून ठेवा, नाहीतर चर काढल्यामुळे झाडं मेली असा ठपका तुमच्यावर येईल. इतके दिवस कोंडलेल्या पेशींत अचानक हवा शिरते तेव्हा तिचा उपयोग करायची यंत्रणा अजून मोडलेलीच असते. ऑक्सिजनचे दाहक प्रकार तयार होतात, साठलेल्या अल्कोहोलचं त्याहून विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. त्यात श्रावणातलं कडक ऊन पडलं की पानं पाणी मागतात आणि मुळी असते चिमूटभर. म्हणून दुपारच्या बाजूनं हिरव्या जाळीचा तुकडा किंवा जुनं पोतं दोन काठ्यांवर बांधा. फांद्या छाटू नका. काही जण पानांचा भार कमी करायला सांगतात, पण लहान रोपाकडे परतायला जी साखर आहे ती त्या पानांतच आहे. वाळलेलं तेवढं काढा. वरची माती भेगाळायला लागेपर्यंत पाणी देऊ नका.

औषधाचं म्हणाल तर करंज-अर्जुनाला काही नको. कडुनिंब आणि बहावा वाचवायचेच असतील तर वाफसा आल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम घेऊन बुंध्याशी एकदा ओता. ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकुजीला आवरणारी उपयोगी बुरशी, घालायची हौस असेल तर ती या ताम्राबरोबर (कॉपरबरोबर) नाही, दोन आठवड्यांनी. तीही बुरशीच आहे, ताम्र तिलाही मारतं. आणि चिखलात तर ती घालूच नका, तिलाही श्वास लागतो. खताची घाई नको. शेंड्याला नवी तांबूस पालवी फुटली म्हणजे खाली पांढरी मुळी चालू झाली. तेव्हा पानांवर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला तीन ग्रॅम अशी हलकी फवारणी करा. जमिनीतून खत दिवाळीपर्यंत नको.

रिकाम्या झालेल्या जागी यंदा काही लावू नका. जागा तयार होईपर्यंत पाऊस संपत येईल, नव्या रोपाला मुळं धरायला वेळ मिळणार नाही. त्या जागांची परीक्षा मात्र आत्ताच घ्या. खड्डा उपसून पाण्यानं भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनंतरही उभं असेल तर ती जागा खड्ड्याची नाही, उंचवट्याची. अशा ठिकाणी मी खड्डा मारतच नाही. जमीन वीतभर खणून सैल करतो, वर चांगल्या मातीचा दीड फूट उंच, चार फूट रुंद ढीग करतो, तो पावसात बसू देतो आणि मग त्यात लावतो. बसल्यावरही फूटभर उरतोच, आणि तेवढं फूटभर वाफशाला पुरतं.

तिथे कडुनिंब परत लावायचा मोह टाळा. ताम्हण, कळंब, उंबर यातलं घ्या, वाळुंज मिळाला तर जरूर घ्या. त्याची जाड काडी ओलीत रोवली तरी फुटते. चार-पाच फूट उंचीची रोपं मागा. पूर आला तर पानं पाण्यावर राहिली पाहिजेत, कारण गढूळ पाण्याखाली पानाला उजेडही मिळत नाही आणि हवाही नाही. आणि नदीकाठी लावायचं आहे हे आधी सांगितलंत तर काही रोपवाटिकावाले रोपं तयार करून देतात. मी अर्जुन आणि करंजाच्या पिशव्या लावणीच्या महिनाभर आधी ट्रेमध्ये दोन बोटं पाण्यात आठ-दहा दिवस ठेवतो, मग आठवडा कोरड्यात, मग पुन्हा पाण्यात. खोडावर फोड दिसले की ते रोप बाहेर पाठवायला तयार. ज्यानं एकदा हवेचे बोगदे खोदले त्याला दुसऱ्यांदा कमी दिवस लागतात. गिऱ्हाईक मात्र फोड बघून तोंड वाकडं करतं आणि शेजारचं गुळगुळीत रोप उचलतं.

ज्या जागी पाणी चोवीस तासांत जिरलं, तिथले खड्डे पुढच्या जूनला वापरता येतील, फक्त मशिननं घोटलेल्या भिंती पहारीनं फोडून घ्याव्या लागतील. ते काम एप्रिलमध्ये करा, माती कोरडी होऊन भेगा पडल्यावर. ओल्या काळ्या मातीला पहार लावली तर भिंत फुटत नाही, उलट आणखी लिंपली जाते.